पहिलं पान टाकण्याआधी: ब्रिजमध्ये डाव कसा आखायचा आणि शक्यता कशा तोलायच्या

कोल्हापुरात पत्ते कुणाला शिकवावे लागत नाहीत. गणपतीत मंडळाच्या मांडवात राखणीला बसलेली पोरं मेंढीकोट नाहीतर सात-आठ खेळत पहाट करतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पाच-तीन-दोनला घरातली आजीसुद्धा बसते. त्यामुळे ब्रिजच्या टेबलावर येणारा इथला नवा माणूस हुकूम, उतारी, कापणं हे सगळं घेऊनच येतो. त्याला नडतो तो वेग. कट्ट्यावर कुणी पाच सेकंद थांबला तर समोरून आवाज येतोच, "टाक की लेका, अंडी उबवतोयस व्हय?" त्या धाकाने लागलेली सवय ब्रिजमध्ये डाव बुडवते.

बोली कशी लावायची हे तुम्हाला जुजबी येतं असं धरून पुढचं लिहितो आहे. बोली संपली, काँट्रॅक्ट (बोललेले हात करून दाखवायची जबाबदारी) तुमच्या गळ्यात पडलं, आता खेळायचं कसं, एवढाच इथला विषय. 'हात' म्हणजे चार पानांचा एक फेरा, जो कुणीतरी जिंकतो. तुम्ही दक्षिणेला बसलात, तुमचा भिडू उत्तरेला, म्हणजे डमी: त्याची पानं टेबलावर उघडी, आणि तीही तुम्हीच खेळायची. पहिली उतारी पश्चिमेची.

पायरी पहिली: डमी उघडली की पानं खाली

पश्चिमेने उतारी केली, भिडूने तेरा पानं टेबलावर मांडली. आता तुमची पानं पालथी ठेवा आणि बघत बसा. डमीत त्या रंगाचं एकच पान असलं, दुसरं काही टाकताच येत नसलं, तरीही. विचार त्या पानाचा नाही, पुढच्या तेरा हातांचा करायचा आहे. मेंढीकोटात तुम्हाला फक्त तुमची पानं दिसतात, इथे बावन्नपैकी सव्वीस दिसतात. एवढी माहिती समोर असताना घाई करणं म्हणजे ती फुकट घालवणं. एक मिनिट घेतलंत तर कुणी तक्रार करत नाही. केली तर करू द्या.

पायरी दुसरी: मोजा

आज आपण खेळतो त्या काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत हॅरल्ड व्हँडरबिल्टने १९२५ मध्ये घडवली. तिचा गाभा असा की जेवढं बोलाल तेवढंच गेमसाठी (मोठं बक्षीस मिळवून देणाऱ्या गुणांसाठी) धरलं जाईल. म्हणून डिक्लेअररचं, म्हणजे डाव खेळणाऱ्याचं, पहिलं काम म्हणजे बोललेला आकडा गाठणं. जास्तीचे हात हा नंतरचा लोभ.

नो-ट्रम्पमध्ये, म्हणजे हुकूम नसलेल्या डावात, हमखास हात मोजा: शत्रूच्या हाती उतारी न देता, आत्ताच्या आत्ता काढता येतील असे. हुकमाच्या डावात उलट मोजणी सोपी पडते, म्हणजे तुमच्या पानांत किती हात जाणार ते. चार बदाम बोललात तर दहा हात हवेत (बोलीच्या आकड्यात सहा मिळवायचे), म्हणजे तीनच घालवायची परवानगी. चौथा जात असेल तर त्याची वाट लावणं हीच योजना.

हा एक डाव समोर ठेवा. खरे पत्ते काढून टेबलावर मांडलेत तर उत्तम. काँट्रॅक्ट तीन नो-ट्रम्प.

उत्तर (डमी)
इस्पिक: ७ ५
बदाम: एक्का, राणी, गुलाम, ३
चौकट: राजा, गुलाम, ८, ४
किलवर: ७ ५ २

दक्षिण (तुम्ही)
इस्पिक: राजा, ६
बदाम: राजा, ८, ४
चौकट: एक्का, १०, ५, ३
किलवर: एक्का, राणी, ६, ४

पश्चिमेने इस्पिकची चव्वी टाकली, पूर्वेने दश्शी घातली. राजाने घ्यायलाच हवं; सोडलंत तर पूर्व पुन्हा इस्पिक खेळेल आणि तुमचा राजा पश्चिमेच्या एक्क्याखाली मरेल. आता मोजा. इस्पिक १, बदाम ४, चौकट २, किलवर १. एकूण आठ. हवेत नऊ. आणि इस्पिकमध्ये आता तुमच्याकडे काहीच उरलं नाही. एकदा का उतारी तिकडे गेली की ते इस्पिकचे चार हात ओढतात, ज्या पानाने उतारी घेतली तो पाचवा, आणि डाव बुडतो. म्हणजे चूक करायला जागा नाही. नववा हात कुठून आणायचा?

पायरी तिसरी: शक्यतांचे मोजके आकडे

इथे टक्केवारी येते आणि नवखे घाबरतात. घाबरण्यासारखं काही नाही, कारण रोजच्या खेळाला पाच-सहा आकडे पुरतात. एखाद्या रंगात तुमची आणि डमीची मिळून किती पानं आहेत ते तेरातून वजा करा. उरलेली पानं दोन शत्रूंत कशी वाटली गेली असतील, त्याचा हा हिशेब:

दोन पानं बाहेर: एक-एक ५२ टक्के, दोन-शून्य ४८.
तीन बाहेर: दोन-एक ७८, तीन-शून्य २२.
चार बाहेर: तीन-एक जवळपास ५०, दोन-दोन ४१, बाकी चार-शून्य.
पाच बाहेर: तीन-दोन ६८, चार-एक २८, पाच-शून्य ४.
सहा बाहेर: चार-दोन ४८, तीन-तीन ३६, पाच-एक १५, सहा-शून्य क्वचितच.
सात बाहेर: चार-तीन ६२, पाच-दोन ३१.

एवढंही लक्षात राहत नसेल तर एक खूण ठेवा. बाहेरची पानं विषम असतील तर ती शक्य तितकी सारखी फुटतात. सम असतील तर बहुधा सारखी फुटत नाहीत. अपवाद फक्त दोन पानांचा. सहा पानं बाहेर असताना "तीन-तीन असतीलच की" म्हणून बिनधास्त खेळणारे भेटतात. तीनपैकी दोनदा ते तोंडावर पडतात.

फिनेस म्हणजे एक्का-राणी एका बाजूला ठेवून समोरून त्या रंगाचं लहान पान खेळायचं आणि राजा मधल्या माणसाकडे आहे असं धरून राणी लावायची. हे सरळ छापा-काटा, ५० टक्के. दोन वेगवेगळे फिनेस दोन्ही लागायला हवेत तर २५. दोनपैकी एक लागला तरी पुरत असेल तर ७५. पहिल्यात गुणाकार, दुसऱ्यात दोन्ही फसण्याची शक्यता काढून शंभरातून वजा.

पायरी चौथी: क्रम लावा

माझ्या मते डिक्लेअररची खरी परीक्षा इथे होते. आकडे पाठ असलेले पुष्कळ असतात, क्रम लावणारे थोडे.

वरच्या डावात नवव्या हाताचे दोन रस्ते दिसतात. चौकटची राणी पकडायची किंवा किलवरचा फिनेस मारायचा. किलवरचा फिनेस लगेच घेतला तर ५० टक्के. फसला तर चौकटपर्यंत तुम्ही पोहोचतच नाही. चौकटमध्ये फिनेस घ्यायचा तर राणी कुणाकडे हा अंदाजाचाच प्रश्न, आधी एक्का वाजवून घेतला तरी पन्नासच्या थोडंसंच वर. तोही फसला तर किलवर तसाच राहिला.

मग दोन्ही रस्ते वापरता येतील असा काही मार्ग आहे का? आहे. राजारामपुरीतून गंगावेशीत जायचं तर आधी स्टॉपवर केएमटीची वाट बघावी, नाही आली तर रिक्षा आहेच. आधीच रिक्षात बसलात तर मागून आलेली बस तुमच्या काय कामाची? जी संधी फसली तरी दुसरी शिल्लक ठेवते, ती आधी आजमावायची.

चौकटचा एक्का आणि राजा सरळ वाजवा. फिनेस नाही, काही नाही. दोन फेऱ्यांत राणी पडली तर गुलाम आणि दश्शी दोन्ही तुमचे, डाव झाला, किलवरकडे बघायचंही नाही. राणी नाही पडली तरी उतारी अजून तुमच्याकडेच आहे, काही बिघडलेलं नाही. मग किलवरचा फिनेस.

राणी दोन फेऱ्यांत पडण्याची शक्यता किती? बाहेर पाच पानं. ६८ टक्के वेळा ती तीन-दोन असतात, आणि त्यात राणी दोन पानांच्या बाजूला असण्याची शक्यता पाचात दोन, म्हणजे साधारण २७. चार-एक २८ टक्के, त्यात एकटं पान राणीच असण्याची शक्यता पाचात एक, म्हणजे ६ च्या आसपास. बेरीज ३३. उरलेल्या ६७ पैकी निम्म्या वेळा किलवरचा फिनेस लागणार. एकूण ६६ च्या पुढे. पन्नासवरून सहासष्टवर गेलात, आणि त्यासाठी काही हुशारी लागली नाही, फक्त दोन गोष्टी कुठल्या क्रमाने करायच्या ते ठरवावं लागलं.

आता बारीक गोष्ट, जी टेबलावर बसल्यावर हमखास निसटते. चौकटचा एक्का आधी वाजवायचा की राजा? आधी एक्का, तुमच्या पानांतला. मग लहान पान डमीतल्या राजाला. कारण राणी पडली नाही तर किलवरचा फिनेस घ्यायला उतारी डमीत हवी, आणि दुसऱ्या फेरीला राजाने घेतल्यामुळे ती आपोआप तिथेच असते. उलट केलंत तर तुम्ही तुमच्याच पानांत अडकता आणि डमीत जायला बदामचं एक पान खर्ची पडतं. या डावात त्याने बिघडणार नाही, पण सवय लागली की एखाद्या दिवशी बिघडतंच. बदामचे चार हात काढतानाही राजा आधी. ज्या बाजूला रंग आखूड त्या बाजूचं मोठं पान आधी काढायचं, म्हणजे मग लांब बाजूची पानं अडकत नाहीत.

पायरी पाचवी: पुरावा मिळाला की टक्केवारी बाजूला

वरचे आकडे शत्रूंनी काहीच सांगितलेलं नसताना खरे. प्रत्यक्षात ते बरंच सांगतात: बोलीतून, उतारीतून, टाकलेल्या पानांतून.

तोच डाव घ्या, पण समजा पश्चिमेने सुरुवातीला एक इस्पिक अशी बोली उघडली होती. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १ या हिशेबाने गड्डीत ४० गुण. तुमचे १६, डमीचे ११, मिळून २७. बाहेर उरले १३. पश्चिम १२ गुणांखाली बोली उघडणारा माणूस नसेल, तर पूर्वेकडे फार तर एखादा गुलाम. म्हणजे किलवरचा राजा पश्चिमेकडे. चौकटची राणीही पश्चिमेकडेच.

आता बघा काय झालं ते. तुमची किलवरची एक्का-राणी तुमच्याकडे, फिनेस लागायला राजा पूर्वेकडे हवा. तो फिनेस ५० टक्क्यांवरून जवळपास शून्यावर आला. आणि चौकटचा, जो निव्वळ अंदाज होता, तो जवळपास हमखास झाला. चौकटचा एक्का वाजवा, मग लहान पान खेळा, पश्चिमेने लहान पान टाकलं की डमीतून गुलाम लावा. पानं तीच, काँट्रॅक्ट तेच. एका बोलीने योजना पार उलटी झाली. म्हणून बोली चालू असताना स्वतःच्याच पानांत डोकं घालून बसू नका. कोण काय बोललं, आणि बोलायची संधी असून कोण गप्प राहिला, दोन्ही लक्षात ठेवा.

याच कारणाने नवशिक्यांना आवडणारा तो नियम जरा सांभाळून वापरा: राणी बाहेर असताना आपली आठ पानं असतील तर फिनेस, नऊ असतील तर वरून, म्हणजे एक्का-राजा सरळ, वाजवायचं. आठाला ठीक. नऊ पानं असताना मात्र दोन्हींतला फरक फार थोडा, वरून वाजवणं ५३ टक्क्यांच्या आसपास. एवढा फरक पुसून टाकायला शत्रूची एक बोली पुरते.

मध्येच एक हत्यार: हात सोडणं

नो-ट्रम्पमध्ये शत्रूच्या लांब रंगात तुमच्याकडे एकट्या एक्क्याचाच आडोसा असेल तर तो पहिल्या फटक्यात खर्च करू नका. समजा तुमच्याकडे इस्पिकचा एक्का, ६, ३ आणि डमीत ८, ५. मिळून पाच. ठोकताळा असा की सातातून आपली पानं वजा करायची: सातातून पाच गेले, दोन. तेवढे हात सोडायचे आणि तिसऱ्याला एक्का मारायचा. पश्चिमेकडे पाच आणि पूर्वेकडे तीन पानं असतील तर तीन फेऱ्यांत पूर्व इस्पिकमधून संपला. पुढे एखादा हात पूर्वेला गेला तरी त्याच्याकडे परत खेळायला इस्पिक नाही. चार-चार असतील तर मुळात त्यांचे तीनच हात होतात, भीती कमी.

यातून निघतं ते असं की फिनेस घेताना तो फसला तर उतारी पूर्वेकडे जाईल अशी दिशा निवडायची, पश्चिमेकडे नाही. दुसऱ्या एखाद्या रंगाचं भय इस्पिकपेक्षा मोठं असेल तर मात्र सोडत बसू नका, लगेच घ्या.

पायरी सहावी: हुकमाच्या डावात 'आधी हुकूम काढा' ही सवय मोडा

आधी शत्रूचे हुकूम काढून घ्यायचे, हा सल्ला वाईट नाही, पण अर्धवट आहे. बदाम हुकूम, काँट्रॅक्ट चार बदाम:

उत्तर
इस्पिक: ९ ६ ४ २
बदाम: राणी, ७, ३
चौकट: ६ २
किलवर: एक्का, ७, ५, २

दक्षिण
इस्पिक: ७ ३
बदाम: एक्का, राजा, गुलाम, १०, ४
चौकट: एक्का, ८, ५
किलवर: राजा, राणी, ६

पश्चिमेने बदामचीच उतारी केली. जाणारे हात मोजा. इस्पिक दोन, चौकट दोन. चार. एक जास्त. नवा माणूस इथे म्हणतो, "त्यांनीच हुकूम काढलाय, मी उरलेले काढून टाकतो." आणखी दोन फेऱ्या झाल्या की डमीतले तिन्ही हुकूम संपतात. मग उरते एकच आशा: किलवर तीन-तीन फुटायचं, चौथ्या किलवरवर चौकट टाकून द्यायची. बाहेर सहा पानं, ३६ टक्के.

आता पश्चिमेने बदामचीच उतारी का केली ते बघा. डमीत चौकट दोनच पानं असणार आणि तिथे तुम्ही कापणार, हा वास त्याला बोलीवरूनच लागला असावा. तुमचा बेत त्याने तुमच्याआधी ओळखला. पहिला हात दश्शीने तुमच्या पानांत घ्या. मग चौकटचा एक्का, आणि लगेच चौकटचं लहान पान देऊन टाका. शत्रू पुन्हा बदाम खेळतील. तो गुलामाने घ्या. डमीत अजून एक हुकूम आहे, राणी. तिसरी चौकट तिने कापा. किलवरच्या राजाने परत या आणि आता खुशाल उरलेले हुकूम काढा. बदामचे पाच, कापलेला एक, चौकटचा एक, किलवरचे तीन. दहा. पानं अगदीच वेडीवाकडी वाटली गेली असतील तरच हा डाव बुडेल. डमीतून पहिल्या दोन फेऱ्यांना तिर्री आणि सत्ती गेली आणि राणी राखली, तेही ध्यानात घ्या. कापताना वरून कुणी मारू शकत नाही असं पान हाताशी हवं.

थोडक्यात, हुकूम काढण्याआधी एकच प्रश्न विचारा: डमीतल्या हुकमांना अजून काही काम आहे का? काम असेल तर आधी ते.

सराव

चार माणसं जमली नाहीत तरी हे शिकता येतं. गड्डी पिसून सव्वीस पानं घ्या, तेरा डमी म्हणून समोर मांडा, तेरा धरा, एखादं काँट्रॅक्ट ठरवा आणि कागदावर लिहा: हमखास हात किती, कमी किती, रस्ते कुठले, कुठला आधी. मग उरलेली सव्वीस दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी वाटून खेळून बघा. ब्रिज बेस ऑनलाइनवर यंत्राबरोबरही खेळता येतं, आणि ते "टाक की लेका" म्हणत नाही, ही मोठीच सोय. घरातून 'पत्ते म्हणजे जुगार' असा सूर निघाला तर सांगा, २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत भारताला ब्रिजमध्ये पुरुष जोडीचं सुवर्ण मिळालंय, प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांना. तेव्हा एकाचं वय साठ होतं, दुसऱ्याचं छप्पन्न.

एक सावधगिरी. वरचं सगळं गणित काँट्रॅक्ट पुरं करण्याचं आहे आणि रबर ब्रिज (चौघांचा घरगुती खेळ) किंवा सांघिक सामन्याला ते तसंच्या तसं लागू पडतं. जोड्यांच्या स्पर्धेत तीच पानं प्रत्येक टेबलावर खेळली जातात आणि तुमची तुलना दुसऱ्या जोड्यांशी होते, त्यामुळे तिथे एका जास्तीच्या हातालाही भाव असतो. पहिल्या डावात चौकटची राणी पडली तर दहा हात तसेच पदरात आहेत. तरी जोड्यांच्या स्पर्धेत अकराव्यासाठी किलवरचा फिनेस मारावा की नाही, हा खरा प्रश्न होतो. काँट्रॅक्ट शाबूत राहत असेल तरच मारायचा, आणि ते शाबूत आहे का हे कळायला पुन्हा मोजावं लागतं.